रेंजवरच्या रिकाम्या पुंगळ्या: कुठल्या ठेवायच्या, कुठल्या भंगारात टाकायच्या

प्रश्न थोडक्यात असा: "फिनिक्सला येऊन दीड वर्ष झालं. ऑफिसातल्या मित्राबरोबर दोन-तीनदा नेमबाजीच्या रेंजवर शूटिंगला गेलो. जमिनीवर पितळी पुंगळ्यांचा खच पडला होता, कोणी उचलत नव्हतं, म्हणून अर्धी बादली भरून घरी आणल्या. ९ एमएम आणि .२२३ अशा मिसळलेल्या आहेत. यांत पुन्हा गोळ्या भरता येतात असं ऐकलं. सुरुवात कुठून करू? एच-वन-बीवर आहे, त्याचा काही संबंध येतो का?"

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो, कारण त्याचं उत्तर चुकलं तर बाकीचं वाचून काही उपयोग नाही.

संबंध येतो, आणि चांगलाच येतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा जवळ बाळगायला मनाई आहे. एच-वन, एल-वन, एफ-वन सगळे त्यात आले. अपवाद मोजके आहेत. त्यातला आपल्या लोकांच्या उपयोगाचा एकच, तो म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्ड झालं की ही मनाई उरत नाही. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढचं फारसं कोणाला ठाऊक नसतं: याच कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या करताना पुंगळी, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टिकली), पावडर (दारू) आणि बुलेट (पुढचं उडणारं टोक) हे सुटे भागही मोजलेले आहेत. म्हणजे तुमच्या गॅरेजमधली अर्धी बादली तुम्हाला भंगार वाटत असली, तरी कायद्याचं पुस्तक तिला भंगार म्हणत नाही. रिकाम्या पुंगळ्यांसाठी कोणी दार ठोठावेल असं मला वाटत नाही, पण ज्याचं स्टेटस एका कागदावर टांगलेलं आहे त्याने असल्या बाबतीत 'मला वाटतं' वर चालू नये. हंटिंग लायसन्स नसेल तर बादली आजच मित्राकडे पोचवा, आणि लायसन्स काढल्यावरही एकदा इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या.

त्याला जोडूनच एक. सुट्टीत घरी जाताना भाच्याला दाखवायला म्हणून एखादी पुंगळी बॅगेत टाकू नका, की-चेन करूनसुद्धा नाही. आपल्याकडच्या विमानतळावर ती एक्स-रेमध्ये दिसते, मग पोलीस, आर्म्स ॲक्ट आणि दोन आठवड्यांच्या रजेतला अर्धा वेळ खुलासे करण्यात. आणि हे रीलोडिंगचं प्रकरण तिकडे घरी करायचा विचारही नको. १९५९च्या कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो. इथे स्वतःच्या वापरापुरत्या गोळ्या भरायला संघीय परवाना लागत नाही, विकायच्या झाल्या तर मात्र लागतो. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, ते आपले आपण बघायचे.

आता पुंगळ्यांकडे वळू. मी गेली एकोणीस वर्षं हे करतो आहे. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनियर, त्यामुळे हातात मायक्रोमीटर आला की आनंद होणाऱ्या जमातीतला. तरी माझा बहुतेक वेळ भरण्यात जात नाही, पुंगळ्या बघण्यात जातो. नवखा माणूस प्रेस (गोळ्या भरायचं दांड्याचं यंत्र) कुठला घेऊ, डाय (पुंगळीला मापात आणणारे साचे) कुठल्या घेऊ हे विचारतो. मी त्याला विचारतो, भिंग आहे का?

कारण सांगतो. गोळी सुटते तेव्हा आतल्या दाबाने पितळ फुगतं आणि चेंबरच्या भिंतीला चिकटून बसतं. त्यामुळे मागे नेमबाजाच्या तोंडावर वायू येत नाही. दाब उतरला की तेच पितळ किंचित आक्रसतं आणि पुंगळी सुटून बाहेर पडते. फुगायचं आणि परत यायचं, ही दोन्ही कामं ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं पितळ झकास करतं, म्हणून तर सगळं जग त्याच्यावर अडलं आहे. पण प्रत्येक फुगण्याबरोबर ते थोडं कडक होतं, थोडं पातळ होतं. किती वेळा फुगलंय हे पुंगळीवर कुठेही लिहिलेलं नसतं. स्वतःच्या बंदुकीतून सुटलेली पुंगळी म्हणजे ओळखीच्या घरातलं माणूस. जमिनीवरून उचललेलीची पत्रिका तुमच्याकडे नाही.

उचलण्याचेही काही रिवाज आहेत. पुष्कळ रेंजवर जमिनीला टेकलेलं पितळ रेंजच्या मालकीचं असतं, ते विकून त्यांचा खर्च निघतो. आधी विचारायचं. शेजारच्या लेनवाला स्वतःच्या पुंगळ्या वेचणार असेल तर त्याच्या पायाशी हात घालायचा नाही. मी नवीन असताना एका आजोबांनी मला याबद्दल असं काही सुनावलं होतं की आजही कोणाच्या टेबलाजवळ वाकायच्या आधी तोंडातून "मे आय" निघतं. फायरिंग लाइनच्या पुढे पडलेल्याला हात नाही, रेंज 'कोल्ड' (म्हणजे गोळीबार थांबला) असं जाहीर होईपर्यंत तर अजिबात नाही. सरकारी मोकळ्या जमिनीवर, वाळवंटात जिथे लोक नेम धरायला जातात तिथे, मात्र जेवढं उचलाल तेवढं पुण्य. तिथे स्टीलच्या पुंगळ्या आणि फुटलेल्या बाटल्यासुद्धा उचला, कारण असल्या कचऱ्यापायी जागा बंद होतात. कंबर धरत असेल तर अक्रोड वेचायचा तारांचा गोल पिंजरा मिळतो, दांड्याला लावून फिरवायचा. आमच्याकडे त्याला पाहुणे लॉन मोवर समजतात.

घरी आणल्यावर पहिलं काम: न उडालेल्या गोळ्या शोधून बाजूला काढायच्या. ढिगात त्या असतातच. प्रायमरवर पिनेचा खड्डा आहे पण बुलेट जागेवर आहे, अशी एखादी तरी सापडते. ती टम्बलरमध्ये, म्हणजे पुंगळ्या घासायच्या फिरत्या पिंपात, जाता कामा नये, प्रेसमध्ये तर नाहीच. रेंजवर अशा फुसक्यांसाठी वेगळा डबा असतो, तिथे परत न्यायची.

मग लोहचुंबक फिरवायचा. स्टीलच्या पुंगळ्यांवर कधी पितळेचा मुलामा असतो, डोळा फसतो, चुंबक फसत नाही. ॲल्युमिनियमच्या मात्र त्याला चिकटत नाहीत, त्या वजनावरून आणि राखाडी रंगावरून ओळखायच्या. दोन्ही प्रकार भंगार. .२२च्या बारीक पुंगळ्याही भंगारच. त्यांच्यात वेगळा प्रायमर नसतो, मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो, तो पुन्हा भरायची सोय नाही.

उरलेल्या पितळी पुंगळ्यांत टॉर्च धरून वरून आत बघा. तळाला मधोमध एक भोक दिसलं तर ती बॉक्सर पद्धतीची, आपल्या कामाची. मध्याच्या दोन बाजूंना दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन. तिच्यात प्रायमर काढायची पिन घातली की पिन मोडते. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज, वुलिचच्या सरकारी कारखान्यातला अधिकारी, आणि बर्डन हा अमेरिकन. दोघांच्या युक्त्या १८६०च्या दशकातल्या. अमेरिकेने इंग्रजाची उचलली आणि युरोपच्या सैन्यांनी अमेरिकनाची.

यानंतर कॅलिबरप्रमाणे वेगळं करायचं, आणि इथे घाई करणारा फसतो. मीच फसलो आहे. ९ एमएमची लांबी १९ मिलिमीटरच्या आसपास, .३८० एसीपीची १७च्या आसपास. दोघी शेजारी ठेवल्या तर लहान मूलही सांगेल, पण चारशेच्या ढिगात दोन मिलिमीटर दिसत नाहीत. एका रात्री जेवण झाल्यावर, टीव्हीवर मॅच लावून (तीच चूक), प्रेसचा दांडा खाली-वर करत होतो. एका पुंगळीला हाताला नेहमीचा विरोध जाणवला नाही. दांडा लोण्यातून गेल्यासारखा गेला. मी पुढे रेटलं. बुलेट बसवायला गेलो तर ती मानेत धरलीच नाही, सरळ आत घसरली. उलटी करून शिक्का वाचला तर .३८०. त्या रात्री आधी भरलेल्या साठ-सत्तर गोळ्या एकेक करून परत मोजल्या. मॅच कोण जिंकलं आठवत नाही. तेव्हापासून नियम: दांडा हाताला जे सांगतो ते ऐकायचं, आणि प्रेस चालू असताना दुसरं काही चालू ठेवायचं नाही.

.४५ एसीपीतही एक खोडी आहे. बहुतेक पुंगळ्यांत मोठा प्रायमर बसतो, पण हल्ली काही कारखाने छोट्या प्रायमरच्या काढतात. दोन्ही चांगल्या, एकत्र मात्र नकोत. ९ एमएममध्ये काही पुंगळ्यांच्या आत, बुडाकडून थोडं वर, पायरीसारखी कड असते. त्या पायरीवरच पुंगळीचे तुकडे झाल्याचे प्रकार घडलेले आहेत, मी अशा सरळ फेकतो. तुमच्या .२२३च्या ढिगात मान आखूड आणि तोंड मोठं अशी पुंगळी दिसली तर ती .३०० ब्लॅकआउट असेल. .२२३चीच मान कापून बनवतात, त्यामुळे शिक्काही .२२३चाच असू शकतो. तिची भरलेली गोळी चुकून .२२३च्या बंदुकीत गेली आणि चाप ओढला तर बंदूक फुटते. हिला बादलीतसुद्धा शेजार देऊ नका.

आता घासणं. माझी आई देवाची पितळी भांडी चिंचेने घासायची, आणि आम्ही इथे जे करतो ते तेच आहे, फक्त मोटर लावून. ओल्या पद्धतीत पुंगळ्या, पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, चिमूटभर सायट्रिक ॲसिड आणि स्टीलच्या बारीक पिना एका पिंपात घालून फिरवायच्या. कोरड्या पद्धतीत मक्याच्या कणसाचा भुगा किंवा अक्रोडाच्या सालींचा चुरा असतो. पिंपात ९ एमएम आणि .४५ एकत्र टाकू नका, लहान मोठीच्या पोटात जाऊन अशी बसते की पक्कड लागते. आणि हे सगळं गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरात नाही. घरातल्या डिशवॉशरमध्ये तर मुळीच नाही. प्रायमरच्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं. पुंगळीच्या आतली ती काळी धूळ हाताला लागते, कोरड्या टम्बलरचं झाकण उघडताना नाकात जाते. घरात लहान मूल असेल तर हा मुद्दा दोनदा वाचा. मी ग्लोव्ह्ज घालतो, झाकण घराबाहेर उघडतो, काम झाल्यावर साबणाने हात धुतो, आणि त्या कपड्यांत मुलीला उचलून घेत नसे. वाळवणं फिनिक्समध्ये सोपं. जुन्या चादरीवर पापड घालावेत तशा उन्हात पसरायच्या.

अमोनिया असलेली पॉलिश पितळाला लावायची नाही. यामागची गोष्ट आपल्याच मातीतली आहे. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या छावण्यांत काडतुसं घोड्यांच्या पागेत साठवलेली असायची. पावसाळा संपून ती बाहेर काढली की पुंगळ्यांना आपोआप चिरा पडलेल्या दिसायच्या, न वापरताच. पावसाळ्यात होतं म्हणून त्याला नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. कारण नक्की कळायला १९२१ साल उजाडलं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेतून पितळावर जातो, आणि पुंगळी ओढून घडवताना तिच्यात जो ताण अडकून राहिलेला असतो, त्या ताणाच्या जागी धातू चिरतो. इलाज दोन निघाले: पुंगळीला योग्य जागी तापवून ताण काढायचा, आणि काडतुसं पागेत ठेवायची नाहीत. सैनिकी .२२३च्या मानेवर जो निळसर-तपकिरी पट्टा दिसतो ना, तो त्या तापवण्याचा डाग. मळका माल म्हणून नाक मुरडू नका.

तुमच्या .२२३बद्दल माझं मत सांगतो: पहिल्या वर्षी त्यांना हात लावू नका. ९ एमएमचा कमाल दाब चौरस इंचाला ३५ हजार पौंड, .२२३चा ५५ हजार. .४५ एसीपीचा २१ हजार आणि .३८ स्पेशलचा १७ हजार. कमी दाबाच्या पुंगळ्या म्हाताऱ्या होईपर्यंत चालतात. माझ्याकडे काही .४५ अशा आहेत की त्यांच्यावरचा शिक्का घासून पुसट झाला आहे. रायफलची पुंगळी मात्र प्रत्येक वेळी लांब होते, कापून मापात आणावी लागते. .२२३ची कमाल लांबी १.७६० इंच, कापतात १.७५०पर्यंत. लांब झाली म्हणजे ते पितळ कुठून तरी आलं. ते येतं बुडाजवळच्या भिंतीतून, आणि भिंत तिथे पातळ होते.

ही जागा कशी शोधायची ते दाखवतो. पुंगळी बोटांत धरून दिव्याखाली सावकाश फिरवा. बुडापासून अर्धा-पाऊण सेंटिमीटर वर, सगळीकडून एक बारीक चकचकीत वळं दिसतंय? बाकीचं पितळ मातकट आणि तेवढीच रेघ उजळ? मग कागदाची क्लिप सरळ करून तिचं टोक नखाएवढं काटकोनात वाकवा, टोकाला धार द्या, आणि आतून भिंतीवर घासत खालून वर आणा. चांगल्या पुंगळीत टोक सरळ सरकतं. खराब पुंगळीत त्या वळ्याच्या जागी टोक एका घळीत पडतं, टिक् असं बोटाला कळतं. कळलं की ती पुंगळी पक्कडीने चेपायची, नुसती बाजूला ठेवायची नाही. बाजूला ठेवलेली वस्तू परत ढिगात येते, हा गॅरेजचा नियम आहे. एकदा मी असं वळं बघून न बघितल्यासारखं केलं. रेंजवर बूड बाहेर आलं आणि पुढची नळी चेंबरमध्येच राहिली. चष्मा होता, तोंडाला थोडी राख लागली, रायफल दोन दिवस कामातून गेली. यापेक्षा वाईट होऊ शकलं असतं.

सैनिकी पुंगळ्यांत आणखी दोन गोष्टी. वर्तुळातला क्रॉस म्हणजे नाटोचा शिक्का, एलसी म्हणजे मिझुरीतला लेक सिटी कारखाना, शेजारचे दोन आकडे सालाचे. अशा पुंगळीत प्रायमर हलू नये म्हणून कडा दाबलेली असते. ती दाबलेली कडा काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवायचा तर मुळीच नसतो. दुसरं, .३०८ आणि ७.६२ नाटो बाहेरून सारख्या दिसल्या तरी सैनिकी पुंगळीची भिंत बहुधा जाड असते. आतली जागा कमी, म्हणजे तेवढ्याच पावडरीत दाब जास्त.

पावडर किती आणि कुठली, ते मी इथे लिहिणार नाही, आणि अनोळखी माणसाने कुठेही लिहिलेलं वापरू नका. पावडर आणि बुलेट बनवणाऱ्या कंपन्यांची छापील मॅन्युअल असतात. एक नाही, दोन घ्या, ताडून बघा, त्यातल्या सगळ्यात कमी आकड्यापासून सुरू करा. पिस्तुलाच्या काही पावडरी इतक्या थोड्या लागतात की चुकून दुप्पट पडली तरी पुंगळीत मावते, वरून कळतही नाही. म्हणून पन्नास पुंगळ्यांचा ट्रे भरला की बुलेट बसवायच्या आधी टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकवायचं. सुरुवातीला एका वेळी एकच काम करणारा साधा सिंगल-स्टेज प्रेस घ्या. पटापट भरणारी यंत्रं नंतर. पिस्तुलासाठी कार्बाइडची डाय घेतली तर तेल लावायचं झंझट नाही. रायफलला लावावंच लागतं, विसरलात तर पुंगळी डायमध्ये अडकून बसते. आणि भरलेल्या गोळ्या मित्राला देऊ नका. त्याने त्या दुसऱ्या बंदुकीत घातल्या तर तुमच्या हातात काही राहत नाही.

पैसे वाचतात का? पहिल्या वर्षी नाही. साहित्याचे काहीशे डॉलर जातात आणि गोळ्या स्वस्त पडतात म्हणून माणूस दुप्पट उडवतो. करोनाच्या काळात तीन-चार सेंटांचा प्रायमर दहाच्या वर गेला आणि तरी मिळेना, तेव्हा पुंगळ्यांनी भरलेले डबे नुसते बघत बसलो होतो. भंगाराचा हिशेब हवा असेल तर ९ एमएमच्या साधारण अडीचशे पुंगळ्यांचा एक किलो होतो.

शिक्के वाचायची सवय लावून घ्या, त्यात पैशापलीकडचं काही मिळतं. इथल्या एका गन शोमध्ये सुट्या जुन्या पुंगळ्यांच्या खोक्यात मला .३०३ची एक पुंगळी सापडली, बुडावर 'केएफ'. किर्की फॅक्टरी, म्हणजे आपली खडकी, १८६९ साली सुरू झालेला कारखाना. मी पुण्यात शिकत असताना लोकलने रोज त्या स्टेशनवरून जात होतो. विकणाऱ्याला ते अक्षर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, त्याने एक डॉलर घेतला. ७.६२वर कधी 'ओएफव्ही' दिसलं तर ते भुसावळजवळचं वरणगाव. खडकीची माझ्याकडे एकच आहे, ती मी कधी भरणार नाही, टेबलावर पेनांच्या शेजारी उभी असते.

तुमच्या बादलीचं असं करा. लायसन्सचा प्रश्न मिटेपर्यंत ती मित्राच्या गॅरेजात जाऊ दे. शनिवारी त्याच्याच टेबलावर, त्याच्यासमोर, ९ एमएम आणि .२२३ वेगळ्या करा. चुंबक आणि टॉर्च न्या, वाकवलेली क्लिप न्या. भरायचं काही नाही. मला विचाराल तर बादलीतला पाव भाग बाद निघेल. त्याहून कमी निघाला तर पुन्हा एकदा बघा.